फौजदारकी, आयबी आणि वरची खुर्ची

पत्र चोपडा तालुक्यातल्या २५ वर्षांच्या एका मुलीचं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. घरची केळी आणि थोडा कापूस. ती बीएस्सी झाली, दोनदा यूपीएससीची पूर्वपरीक्षा दिली, त्यातल्या एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेली. ओबीसी प्रवर्गातली आहे. आता एकाच वेळी दोन दारं उघडायला आलीत. एमपीएससीच्या फौजदार पदाची मुलाखत झालीये, अंतिम यादी बाकी आहे. आणि केंद्राच्या गुप्तचर विभागात, म्हणजे आयबीत, एसीआयओ-२ (सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी, श्रेणी २) या पदावर निवड झालीये, पडताळणी सुरू व्हायची आहे. वडिलांना फौजदारकी हवी. त्यांचं म्हणणं, "काय काम करस हाई सांगता येत नही, मंग ती नोकरी कसानी?" मामा म्हणतात, आयबीवाल्या मुलीला स्थळ मिळणार नाही. मावसभावाने बसस्टँडवर अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय, समाजाच्या मंडळाने गुणगौरवाला बोलावलंय. मुलीला मात्र आयबीच हवी. "मला एक दिवस डोभाल साहेबांच्या जागी बसायचंय," असं ती लिहिते. शेवटच्या दोन ओळींत विचारते: एसीआयओ म्हणून लागले तर तिथपर्यंत पोहोचता येईल ना? आणि बांधाच्या भांडणात माझंही नाव एफआयआरमध्ये होतं, ते मिटलंय. फॉर्ममध्ये लिहायचं का?

आईवडिलांना कसं समजवायचं यावर तू दोन पानं लिहिलीस आणि खरा प्रश्न शेवटी एका ओळीत उरकलास. त्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण तिचं उत्तर तुला कुणी दिलेलं दिसत नाही. क्लासवालेही देत नाहीत. एसीआयओ म्हणून रुजू होऊन आयबीचं संचालकपद मिळत नाही.

आयबी ही जुनी संस्था आहे, १८८७ सालची. स्वातंत्र्यानंतर टी. जी. संजीवी पिल्लई पहिले भारतीय संचालक झाले, त्यांच्यानंतर १९५० ते १९६४ अशी चौदा वर्षं बी. एन. मलिक होते. तेव्हापासून आजवर जे जे त्या खुर्चीवर बसले ते सगळे पोलीस सेवेतून आलेले. पद्धत अशी आहे की आयपीएस अधिकाऱ्याची पहिली काही वर्षं जिल्ह्यात गेली की त्यातले काहीजण आयबी हेरून ठेवते. तिथले लोक त्याला 'इअरमार्क' होणं म्हणतात. त्यातले बरेचसे पुन्हा आपल्या राज्यात परततच नाहीत. पुढची पंचवीस-तीस वर्षं आयबीतच काढतात. सहसंचालक, अतिरिक्त संचालक, विशेष संचालक या पायऱ्या प्रामुख्याने त्यांच्या असतात आणि संचालक त्यांच्यातूनच निवडला जातो. या खुर्चीवर आजवर एकही स्त्री बसलेली नाही, हेही तुला माहीत असावं. ते बदलेल तेव्हा बदलेल, पण बदलेल ते आयपीएसच्या रांगेतून.

तुझी रांग वेगळी. एसीआयओ-२, मग एसीआयओ-१, मग डीसीआयओ (उपकेंद्रीय गुप्तचर अधिकारी), मग सहायक संचालक. चांगली नोंद असलेली माणसं त्याच्याही वर जातात, पण मध्ये बरीच वर्षं जातात आणि पदोन्नती जागा रिकाम्या होण्यावर अवलंबून असते. भुसावळपर्यंत मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्या एकाच मार्गाने येतात. पुढे एक फाटा खांडव्याकडून इटारसीला जातो, दुसरा अकोल्याकडून नागपूरला. नागपूरच्या गाडीत बसून खांडवा कधी येईल असं टीसीला विचारण्यात अर्थ नाही. गाडी वाईट नसते, ती तिकडे जात नाही एवढंच.

आता तू म्हणशील, मग संपलंच. थांब जरा. 'डोभाल साहेबांच्या जागी' म्हणजे नक्की कुठे बसायचंय तुला?

अजित डोभाल हे १९६८ च्या तुकडीचे, केरळ केडरचे आयपीएस. आयबीचे संचालक ते २००४-०५ मध्ये होते. पण तू, मी आणि तुझ्या मावसभावाने त्यांना ओळखायला सुरुवात केली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २०१४ मध्ये ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाल्यावर. ते संचालक होते तेव्हा चोपड्याच्या चौकात त्यांचं नाव कुणी घेतलं असतं असं मला वाटत नाही. रॉ ही परदेशातली माहिती काढणारी संस्था १९६८ मध्ये उभी करणारे रामेश्वरनाथ काव आयबीतूनच आले होते. त्यांचे फोटोसुद्धा मोजकेच सापडतात, मुलाखतींचं तर विचारूच नको. आपल्या महाराष्ट्राकडे बघ. हेमंत करकरे आपल्याला २६/११ मुळे आणि एटीएसमुळे ठाऊक आहेत. त्याआधी ते रॉमध्ये होते, व्हिएन्नात होते, त्या वर्षांबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही. दत्ता पडसलगीकर कित्येक वर्षं आयबीत होते. लोकांना नाव कळलं ते २०१६ मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त झाल्यावर. सुबोध जयस्वाल यांचं तेच, रॉमधली वर्षं अंधारात आणि मुंबईची, पुढे सीबीआयची वर्षं उजेडात.

म्हणजे तुला ज्यांची नावं माहीत आहेत ती त्यांनी दुसरं काहीतरी केलं म्हणून माहीत आहेत. फक्त गुप्तचर कामातच वर चढलेल्या माणसाचं नाव तुझ्यापर्यंत पोहोचलेलंच नाही. संचालकांच्या रांगेतल्या मधल्या पाच-सहा जणांची नावं सांग बघू, न शोधता. नाही येणार. मलाही आठवावी लागली.

म्हणून विचारते, तुला ते काम हवंय की ते भाषण? रागावू नकोस. तुझ्या वयात मोबाईलवर छातीठोक भाषणं बघून रक्त सळसळणं साहजिक आहे, आणि त्यातूनच खरी ओढही लागू शकते. फक्त ती तपासून घे.

कारण प्रत्यक्षातलं काम बरंचसं कंटाळवाणं आहे. आयबीला अटक करायचा अधिकार नाही. छापा पोलीस टाकतात, गुन्हा पोलीस नोंदवतात, कोर्टात पोलीस उभे राहतात. एसीआयओच्या वाट्याला माणसांना भेटणं येतं, ऐकून घेणं येतं, पाच ठिकाणचं ऐकलेलं ताडून बघणं येतं आणि मग लिहिणं येतं. खूप लिहिणं. काहीजण वर्षानुवर्षं विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट तपासतात, तेही आयबीचंच काम आहे. मोर्चा किती लोकांचा निघेल, कोण कोणावर नाराज आहे, कुठल्या गावात अफवा फिरतेय, सीमेपलीकडून आलेल्या माणसाचा इथला पत्ता खरा आहे का, असलं सगळं. तुझ्या परीक्षेत दुसऱ्या टप्प्यात निबंध आणि उताऱ्याचं आकलन होतं ना? ते उगाच नव्हतं. यात जो माणूस मुरतो त्याला तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात: मी स्वतः काय पाहिलं, मला कुणी काय सांगितलं, आणि मला काय वाटतं. आपल्याकडे पारावर बसलेला माणूस या तिन्हींची एकच भाजी करतो आणि वर फोडणीही देतो. या खात्यात ती फोडणी कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

आणखी एक. इथे काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. चुकलं तर पहिल्या पानावर. १९६२ चं चीन युद्ध झालं आणि मलिकांच्या चौदा वर्षांवर तेच एक साल लिहिलं गेलं. १९९९ ला कारगिल झालं, त्यानंतर चौकशी समिती बसली आणि तिच्या शिफारशींनंतर वेगवेगळ्या यंत्रणांनी एकमेकांना माहिती द्यावी म्हणून आयबीतच मल्टी एजन्सी सेंटर आलं. २००८ ला मुंबई झाली, पुन्हा तेच प्रश्न आले. वरच्या खुर्चीवरचा माणूस रोज शेकडो कागदांतून कुठला खरा हे ठरवत असतो आणि त्यातला एक कागद चुकला की तेवढाच लक्षात राहतो. ज्याला शाबासकीची भूक आहे त्याने या खात्यात उपाशी राहायची तयारी ठेवावी.

वडिलांच्या बाजूनेही मला बोलायचंय. पत्रात तू त्यांना थोडं जुन्या वळणाचं ठरवलंयस. आपल्याकडे फौजदार या शब्दाला जो मान आहे तो पोकळ नाही. आपल्या खानदेशात डाळीलासुद्धा फौजदारी म्हणतात! ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर पोलीस स्टेशनच्या बाहेरच्या बाकड्यावर वाट बघितली, त्याला आपली पोर टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेली बघायची आहे. यात दिखाऊपणा थोडा असेल, पण बराचसा अनुभव आहे. आणि फौजदारीण रडत आलेल्या बाईची तक्रार स्वतःच्या हाताने नोंदवून घेऊ शकते, रात्री गाडी घेऊन निघू शकते. आयबीतला माणूस बघतो, लिहितो आणि वर पाठवतो. पुढे काय झालं हे त्याला कधी कळतं, कधी कळतही नाही. तुझा स्वभाव यातला कुठला? पत्रावरून मला अंदाज येत नाही. तुझ्या मैत्रिणींना विचार: गावात भांडण लागलं की ही मध्ये पडते, की कोपऱ्यात उभी राहून कोण काय बोललं ते सगळं लक्षात ठेवते?

शिवाय फौजदारकी घेतली म्हणजे गुप्तवार्तेचं दार बंद झालं असंही नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलिसांत विशेष शाखा असते, राज्याचा स्वतःचा गुप्तवार्ता विभाग आहे, आणि राज्य पोलिसांतले लोक प्रतिनियुक्तीवर आयबीतही जातात. पैशांचं म्हणशील तर आयबी पुढे आहे: एसीआयओ-२ चं मूळ वेतन ४४,९०० पासून, वर मूळ वेतनाच्या २० टक्के विशेष सुरक्षा भत्ता, फौजदाराचं मूळ वेतन ३८,६०० पासून. मात्र फौजदारकी महाराष्ट्रातच राहते. आयबी म्हणजे देशात कुठेही, आणि आखाजीला किंवा कानबाईच्या सणाला घरी यायला मिळेलच याची खात्री नाही. हा आकडा पगाराच्या चिठ्ठीवर नसतो.

आता तिसरा रस्ता, ज्याचा तू पत्रात पुढचा पर्याय म्हणून उल्लेखच केला नाहीस. तुला खरोखर ती वरची खुर्चीच हवी असेल तर या दोन्ही नोकऱ्या तिकडे नेत नाहीत, यूपीएससी नेते. ओबीसी प्रवर्गाला वयाची मर्यादा ३५ आणि संधी ९. तुझ्या दोन गेल्या. एसीआयओची नोकरी करताना परीक्षा देता येते, कार्यालयाला रीतसर कळवून. अनेक जण देतात. पण प्रशिक्षण, नवी जागा आणि पाळ्या सांभाळून मुख्य परीक्षेचा अभ्यास करणं सोपं नाही, हे धरून चाल. आणि आयपीएस मिळालं तरी आयबी तुला निवडेल की नाही, निवडलं तर तीस वर्षांनी त्या खुर्चीच्या दोन-चार दावेदारांत तू असशील की नाही, हे कुणाच्याच हातात नाही. ज्यांना ती खुर्ची मिळाली त्यांच्याबरोबर लागलेले, तितकेच हुशार असे कितीतरी जण एक पायरी खाली निवृत्त झाले. पंचविसाव्या वर्षी नोकरी निवडताना साठाव्या वर्षीच्या पदाला एवढं वजन देणं मला पटत नाही.

माझा कल विचारशील तर सांगते. वरचं कामाचं वर्णन वाचताना, त्या कंटाळवाण्या भागासकट, तुला 'हे मला जमेल, हे मला आवडेल' असं वाटलं असेल तर आयबी घे, संचालकपद डोक्यातून काढून. वाचताना हिरमोड झाला असेल तर वडिलांचं ऐक. त्यांचं मन राखायला म्हणून ऐकू नकोस, फौजदारकी तुझ्या स्वभावाला जास्त जुळेल म्हणून ऐक. आणि दोन्ही वाचून यूपीएससीचाच विचार मनात येत राहिला, तर जी नोकरी आधी हातात पडेल ती घेऊन आणखी किती वर्षं द्यायची ते आजच ठरव, घरच्यांसमोर, तारखेसकट.

पण त्याआधी तो फ्लेक्स काढ. आजच. मावसभावाला वाईट वाटेल, वाटू दे. आपल्याकडे तलाठी झाला तरी चौकात फ्लेक्स लागतो, आनंद साजरा करायची ती रीतच आहे, आणि फौजदार झालीस तर हवे तेवढे लाव. आयबीच्या नेमणुकीला ते चालत नाही. तुझा फोटो, पूर्ण नाव, गाव आणि खातं एकाच कापडावर; हे उद्या कुणीही मोबाईलमध्ये टिपून ठेवेल. क्लासवाल्यांनाही सांग की यशस्वी विद्यार्थ्यांच्या पत्रकात तुझा फोटो नको. ते हट्ट करतील, कारण तुझ्या फोटोवर त्यांच्या पुढच्या बॅचची फी उभी असते. गुणगौरवाला जायचंच असेल तर मुख्य परीक्षेपर्यंत गेल्याबद्दल सत्कार घे. तुझ्या व्हॉट्सॲप स्टेटसवर काही असेल तर तेही काढून टाक.

घरात काय सांगायचं, यावर तू फार घाबरलेली दिसतेस. 'आयुष्यभर आईशी खोटं बोलावं लागेल का' असं लिहिलंयस. नाही लागणार. तुझी नोकरी केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयात आहे, हे खरं आहे आणि तेवढं पुरतं. आईवडिलांना खातं ठाऊक आहेच. त्यांना आज काय केलंस, कुणाला भेटलीस हे कळणार नाही, आणि खरं सांगू, बँकेतल्या मुलाच्या आईलाही ते कळत नसतं. फरक इतकाच की तुझ्यावर कायद्याचं बंधन आहे. गुप्तचर संघटनांतल्या लोकांच्या काही हक्कांवर मर्यादा घालणारा १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे: संघटना करता येत नाही, वर्तमानपत्राशी परवानगीशिवाय बोलता येत नाही. २०२१ पासून तर निवृत्तीनंतरही खात्याशी संबंधित विषयावर लिहायचं तर आधी मंजुरी लागते. माहितीच्या अधिकारातूनही ही संस्था, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर, बाहेर आहे. यातलं काही तुला खुपत असेल, आणि बोलक्या माणसाला ते खुपतं, तर रुजू होण्याआधी खुपलेलं बरं.

वडिलांना मात्र एक गोष्ट दाखवता येईल. नियुक्तीपत्र आलं की त्यांच्या हातात दे, वाचू दे. त्यावरचं 'भारत सरकार' त्यांच्यासाठी काही कमी नाही. आणि त्यांच्याशी वाद घालताना 'देशसेवा' हा शब्द वापरू नकोस. त्यांना तो फौजदारकीतही दिसतो, आणि बरोबर दिसतो.

स्थळाचं थोडक्यात. बायोडेटात 'केंद्र सरकार, गृह मंत्रालय' लिही. मुलाशी बोलणी पुढे गेली की त्याला स्वतः, समोरासमोर सांग की बदली देशभर होईल, वेळेचा भरवसा नसेल आणि काही प्रश्नांची उत्तरं मिळणार नाहीत. ज्याला हे झेपणार नाही तो तेव्हाच बाजूला होईल. मामांना ते स्थळ गेलं असं वाटेल. तू गेलेली स्थळं उगाच मोजत बसू नकोस.

शेवटी तो एफआयआर. मामा म्हणतात, मिटलेलं कशाला उकरायचं. मामांचं या बाबतीत अजिबात ऐकू नकोस. बांधाच्या भांडणात घरातल्या सगळ्यांचीच नावं टाकतात, हे पडताळणीला येणाऱ्या माणसालाही माहीत असतं. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३२३, ५०४, ५०६ कलमांची (मारहाण, शिवीगाळ, धमकी) अशी प्रकरणं खेडोपाडी आहेत आणि लोकअदालतीत मिटतात. तुझं प्रकरण तेवढंच असेल तर त्यापायी नोकरी जाण्याची शक्यता कमी आहे. लपवल्याने मात्र हमखास जाऊ शकते. साक्षांकन फॉर्ममध्ये विचारलेलं असतं की तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला का, अटक झाली का, खटला चालला का. तिथे 'नाही' लिहिलं आणि नंतर सापडलं, तर प्रश्न भांडणाचा राहत नाही, तुझ्या खरेपणाचा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं: माहिती खरी द्यायची, प्रकरण निकालात निघालेलं असलं तरी, किरकोळ गुन्हा असेल तर नेमणूक करणारा तो सोडून देऊ शकतो, पण दडवणं हे स्वतंत्र कारण ठरू शकतं. आणि ज्या खात्याचं कामच लपलेलं शोधणं आहे, तिथे हे लपवायला जाणं म्हणजे कमालच झाली.

तेव्हा गुन्हा क्रमांक, तारीख, कलमं आणि निकाल सगळं जसंच्या तसं लिही. फौजदारकीच्या चारित्र्य पडताळणीतही हेच, तिथे तर कागद त्याच पोलीस स्टेशनात आहेत. लोकअदालतीच्या निवाड्याची प्रमाणित प्रत घरी नसेल तर याच आठवड्यात कोर्टात नकलेसाठी अर्ज टाक. नक्कल मिळायला कधी कधी बराच वेळ लागतो, आणि पडताळणीवाला विचारून येत नाही.